चिखलात बसा, डबक्याचे फोटो काढा: अगदी नवीन असणाऱ्यांसाठी

पाऊस सुरू झाला की कॅमेरेवाली मंडळी ताम्हिणी, माळशेज, आंबोलीकडे पळतात, धबधब्यासमोर उभं राहून सगळ्यांनी काढलेला तोच फोटो काढून येतात, आणि येताना वाटेत ज्या डबक्यात गाडीचं चाक आपटतं त्याला शिव्या घालतात. खरं सांगायचं तर त्या डबक्यात धबधब्यापेक्षा जास्त फोटो असतात. तिथे तिकीट नाही, रांग नाही, सेल्फीवाले नाहीत, फक्त कपडे खराब होतात. ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा नुकताच घेतलेला पहिला कॅमेरा आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, त्यामुळे ज्यांना सगळं येतं त्यांनी बेडकांच्या भागाकडे उडी मारली तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. डबकी शोधत हिंडू नका. एक डबकं धरा आणि तिथेच परत परत जा. हिंडणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी फक्त उडून जाणारं फुलपाखरू आणि पाण्यात बुडी मारणारा बेडूक दिसतो. तिथल्या जिवांना तुमची सवय व्हावी लागते आणि ऊन किती वाजता कुठल्या बाजूनं येतं याची तुम्हाला, आणि हे दोन्ही एका चकरेत होत नाही.

पायरी १: डबकं निवडणं

घराजवळचं निवडा. चालत दहा मिनिटांत जाता येईल असं डबकं हे शंभर किलोमीटरवरच्या भारी डबक्यापेक्षा कधीही चांगलं, कारण तुम्ही तिथे खरंच जाल. कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोरीत साचलेलं, गुरं पाण्यावर येतात तिथलं, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यातलं, ओढ्याकाठची ओली रेती, कोकणात असाल तर सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, कातळातले खळगे, काहीही चालेल. बांधकामाच्या साईटवर मात्र परवानगीशिवाय जाऊ नका, तिथे डबक्याची खोली कळत नाही आणि खिळे असतात.

बघायचं काय, तर सकाळचं ऊन एका बाजूनं तरी थेट येतंय का, काठाला उतार आहे का (उभा काठ असेल तर बसणारं काही नाही), थोडं गवत किंवा काटकी आहे का, आणि समोरच्या बाजूला तुम्हाला पोटावर पडायला जागा आहे का. पाण्यावर ऑइलचा इंद्रधनुषी तवंग असेल तर ते डबकं सोडा, दिसायला छान पण आत फार काही जगत नाही. याउलट जिथे गाई-म्हशी उभ्या राहतात, मुततात, शेण टाकतात त्या चिखलाला नाक मुरडू नका. फुलपाखरांसाठी ती सगळ्यात भारी जागा, का ते पुढे येतंय.

पायरी २: डबक्याचं वय ओळखा

हे कोणी सांगत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डबकं रोज तेच नसतं, जूनमधलं आणि ऑक्टोबरमधलं डबकं ही जवळजवळ दोन वेगळी ठिकाणं आहेत, आणि कुठल्या टप्प्यावर काय येणार हे माहीत असेल तर तुम्ही आधीच जागेवर बसलेले असता.

पहिला दणदणीत पाऊस झाला की त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी बेडूक. आपले मोठे बुलफ्रॉग, ज्यांचे नर एरवी हिरवट-तपकिरी असतात, ते या दिवसांत लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. हा प्रकार दोन-चार दिवसांत संपतो, त्यामुळे वीकेंडची वाट बघाल तर हुकलं. बरेचदा ते दिवसाउजेडीसुद्धा चालू असतं, म्हणजे फ्लॅशची कटकट नाही. याच सुमारास वर्षभर जमिनीत गाडून घेतलेले छोटे गोलमटोल बेडूकही बाहेर येतात.

मग चतुर. पावसाच्या आगेमागे मैदानावर जे पिवळट-केशरी चतुर थव्यानं घिरट्या घालतात ते बहुतेक वांडरिंग ग्लायडर. यांना तळं लागत नाही, उथळ तात्पुरतं पाणी पुरतं, मादी उडता उडता शेपटीचं टोक पाण्यावर टेकवत अंडी घालते आणि पिल्लं डबकं आटायच्या आत, दीड-दोन महिन्यांत वाढून उडून जातात. आणि जातात कुठे? मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये मांडलं की हे भारतातून निघून मालदीववरून थेट आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतात. तुमच्या सोसायटीच्या गेटबाहेरच्या खड्ड्यातून निघालेला किडा अरबी समुद्र ओलांडू शकतो, त्यामुळे त्याचा एक नीट फोटो तर बनतोच.

आषाढ-श्रावणात पाणी स्थिर व्हायला लागलं की बेडकांची पिल्लं. काही बेडकांची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात आणि पाण्याच्या मध्यावर नुसती लटकून राहतात, तळाकडे बघणाऱ्याला दिसतच नाहीत. वर झाडाच्या फांदीला किंवा गवताला पांढरा फेसाचा गोळा लटकलेला दिसला तर तो झाडावरच्या बेडकाचा, त्यातून पिल्लं खाली पाण्यात पडतात. सड्यावरच्या कातळखळग्यांत नशीब असेल तर फेअरी श्रिम्प दिसतील, कोळंबीचे लांबचे नातलग, अंगठ्याच्या नखाएवढे, उलटे होऊन पोहणारे. त्यांची अंडी उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून राहतात आणि पाणी आलं की फुटतात.

याच काळात चिखल न्यायला येणारे लोकही असतात. कुंभारीण माशी चिखलाची गोळी करून तोंडात धरून नेते, भिंगऱ्या घरट्यासाठी चिखल उचलतात, आणि सुगरणीचा नर अर्धवट विणलेल्या खोप्याच्या आत ओल्या मातीचे गोळे लिंपतो, त्यासाठी तो डबक्यावर उतरतो. विहिरीवर बाभळीला खोपे लटकलेत आणि जवळच ओला चिखल आहे अशी जागा सापडली तर महिनाभर दुसरीकडे जायची गरज नाही.

सप्टेंबरच्या शेवटापासून पाऊस ओसरतो, ऊन चटकायला लागतं, आणि मग फुलपाखरांचे दिवस. ते नोव्हेंबरपर्यंत चालतात, आणि ओढे आटत जातात तेव्हा उन्हाळ्यात पुन्हा एकदा ओल्या रेतीवर गर्दी होते. शेवटी डबकं आटतं, चिखलाला भेगा पडतात, पापुद्रे वळतात, पक्ष्यांच्या पायांचे ठसे राहतात. तो टप्पा सोडू नका, त्यात जीव कमी असतो पण आकार फार सुंदर मिळतात, फक्त ऊन अगदी तिरपं हवं, नाहीतर ठसे सपाट दिसतात.

पायरी ३: सामान, म्हणजे फार काही नाही

फोन असेल तर फोन. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. फोनमधला मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा, बहुतेक वेळा वाईड लेन्सवर चालतो, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं, आणि तेवढ्या जवळ मेलेला किडाच बसून राहील. त्याऐवजी दोन किंवा तीन एक्सची टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स असेल तर ती वापरा, थोडं लांबून काढा आणि नंतर क्रॉप करा. दुसरं, फोनला वॉटरप्रूफचं रेटिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्या चाचण्या स्वच्छ पाण्यात होतात, गाळात नाही, आणि पोर्ट ओलं असताना चार्जिंगला लावणं म्हणजे हातानं खड्डा खणणं.

कॅमेरा असेल तर किटबरोबर मिळणारी ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची झूम सुरुवातीला पुरते, खरंच पुरते. फुलपाखरं आणि चतुर दोन-तीन फुटांपेक्षा जवळ येऊ देत नाहीत, त्यामुळे लांबची लेन्स मॅक्रोपेक्षाही जास्त कामाची. पुढे कधी मॅक्रो घ्यायचीच झाली तर ९० ते १०५ मिमीच्या आसपासची घ्या, ५० ची घेतली तर जिवाच्या डोक्यावर सावली पडते.

बाकी घरातलंच. पसरायला मेणकापड किंवा जुना रेनकोट, गुडघ्याखाली गोणपाट दुमडून, कॅमेरा टेकवायला एका पिशवीत तांदूळ किंवा मूग भरून तिला वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून. प्लास्टिक विसरलात तर मुगाला मोड येतात, मग उसळ करा. मायक्रोफायबरची दोन फडकी, एक चिखलाच्या हातांसाठी आणि एक फक्त लेन्ससाठी, आणि ती एकत्र ठेवायची नाहीत. आणि एक काळी छत्री, साधी, आजोबांच्या काळातली. पावसासाठी तर आहेच पण तिचा खरा उपयोग पुढे आहे.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढलात तर लेन्सवर दव धरतं आणि दहा-पंधरा मिनिटं काही दिसत नाही, म्हणून पोचायच्या आधीच एसी बंद करा किंवा बॅग बंदच ठेवून थोडं थांबा.

पायरी ४: खाली उतरा, खरंच खाली

नवीन माणसाच्या फोटोत आणि चांगल्या फोटोत सगळ्यात मोठा फरक उंचीचा असतो. उभं राहून काढलेला डबक्याचा फोटो म्हणजे तपकिरी जमिनीवर एक ठिपका. तोच जीव त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढला की मागचा चिखल धूसर होतो, पाण्यात त्याचं प्रतिबिंब येतं आणि तो बेडूक एकदम कोणीतरी वाटायला लागतो. उकिडवं बसणं पुरत नाही, पोटावर पडा. लाज वाटते पहिल्यांदा, रस्त्यावरचे लोक विचारतात काय हरवलंय का. सांगायचं बेडकाचा फोटो काढतेय, मग ते हसून पुढे जातात, किंवा पुढच्या वेळी स्वतःहून सांगतात की तिकडे विहिरीपाशी मोठा आहे.

फोनवाल्यांसाठी एक साधी युक्ती: फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खालच्या बाजूला येईल आणि लेन्स पाण्यापासून अगदी दोन बोटांवर नेता येईल. एवढ्यानं प्रतिबिंबाचे फोटो एकदम बदलतात. पट्टा मनगटाला बांधलेला असू द्या, एवढंच.

ऊन तुमच्या पाठीमागून असेल तर रंग नीट येतात पण तुमची सावली समोर पडते, आणि सावली पडली की सगळे पळतात. मला स्वतःला ऊन बाजूनं किंवा थोडं समोरून आवडतं, पंख उजळतात, पाण्याचे थेंब चमकतात.

पायरी ५: फोकस आणि उजेड

चिखल कॅमेऱ्याला गंडवतो. ओला काळा चिखल फ्रेमभर आणि त्यात एक पांढरं किंवा पिवळं फुलपाखरू असेल तर कॅमेरा सगळं उजळ करायला जातो आणि पंख पांढरेफटक होऊन जातात, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे ०.७ किंवा उणे १ करा. पाण्यात ढगाळ आकाश पूर्ण भरलेलं असेल तर उलटं होतं, बेडूक काळा ठिक्कर येतो, तिथे अधिक करा. फोनवर जिवावर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो आणि मग बोट खाली-वर सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो.

कोकणातल्या किंवा महाबळेश्वरकडच्या लाल मातीत ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप ठरवणारी सेटिंग) लाल रंगाला चूक समजून तो काढायला बघतो आणि फोटो राखाडी-निळसर येतो. सरळ डेलाइट किंवा क्लाउडीवर ठेवा, माती मातीसारखी दिसेल.

फोकस डोळ्यावर. नेहमी डोळ्यावर. फुलपाखराचे पंख मिटलेले असतील तर तुमचा कॅमेरा पंखाला समांतर धरा, म्हणजे एफ ८ ला (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा, मोठा असेल तितका जास्त भाग शार्प) सगळा पंख शार्प येतो, तिरके राहिलात तर एफ १६ ला पण येणार नाही. शटर किती ठेवायचं यावर लोक फार वाद घालतात, मी सुरुवातीला १/१००० सेकंद धरायला सांगते आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) जाईल तिथे जाऊ द्या, दाणेदार पण शार्प फोटो वाचवता येतो, हललेला नाही.

पायरी ६: चिखलपान करणारी फुलपाखरं

आता मुख्य मजा. ओल्या चिखलावर पाचपन्नास फुलपाखरं एकत्र बसून सोंडेनं पाणी ओढत असतात त्याला चिखलपान म्हणतात. त्यांना नुसतं पाणी नको असतं, पाण्यात विरघळलेले क्षार हवे असतात, मुख्यतः सोडियम. पानं खाऊन वाढलेल्या अळीला ते फार कमी मिळतं आणि फुलांच्या मधातही फारसं नसतं. म्हणून गुरांच्या मुताची जागा भारी. चिखलावर दिसणारे बहुतेक सगळे नर असतात, आणि मिलनाच्या वेळी हे गोळा केलेले क्षार शुक्राणूंच्या पुडक्याबरोबर मादीला दिले जातात, त्याचा अंड्यांना फायदा होतो. हे कळलं की तुम्ही कोरड्या फुलांच्या मागे धावणं सोडून बरोबर त्या घाणेरड्या कोपऱ्यात जाऊन बसता.

सकाळी साडेनऊ-दहानंतर, ऊन चढलं की येतात, बारा-एकपर्यंत चांगलं चालतं. ढग आले की पांगतात. पिवळे छोटे ग्रास यलो, पोपटी-पांढरे एमिग्रंट, चिमुकले निळे ब्ल्यू, आणि झाडी जवळ असेल तर ब्ल्यूबॉटल आणि 'जे' (Jay) नावाची चपळ मंडळी. ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, तीही चिखलावर उतरते आणि उतरली की बाकी सगळं विसरायला होतं.

जवळ कसं जायचं? पहिलं फुलपाखरू बसलं की लगेच उठू नका. बसलेलं फुलपाखरू बघून दुसरं येतं, दुसऱ्याला बघून तिसरं, म्हणजे पहिल्याला उडवलंत तर पूर्ण पार्टीच कॅन्सल. गर्दी जमू द्या, सोंडा चिखलात रुतल्या की ते बऱ्यापैकी गुंग असतात. मग लांबूनच खाली बसा आणि गुडघ्यांवर, कोपरांवर सरकत या, आडवे हातवारे नकोत, उभं राहणं तर नकोच. दर दोन-तीन फुटांवर थांबून एक फोटो काढा, म्हणजे पुढे सगळे उडाले तरी काहीतरी हाताशी आहे. आणि उडालेच तर जागा सोडू नका, तिथेच पडून राहा, बरेचदा काही मिनिटांत एकेक करत परत येतात आणि यावेळी तुम्ही आधीच जवळ असता. माझे बरेचसे चांगले फोटो या दुसऱ्या फेरीतले आहेत.

मोठी फुलपाखरं चिखल पितानाही पंख सतत फडफडवत ठेवतात. १/१००० ला पंख गोठतात. कधी १/३० ला पण करून बघा, शरीर स्थिर आणि पंख धुरासारखे, दहातले नऊ वाया जातात आणि एक भन्नाट निघतो. अजून एक बारीक गोष्ट जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते: पाणी पितापिता ते पोटाच्या टोकातून थेंब किंवा बारीक पिचकारी बाहेर टाकत असतात, क्षार ठेवायचे आणि पाणी फेकायचं. ऊन समोरून आणि मागे गडद चिखल असेल तर तो थेंब फोटोत येतो. थेंब टाकायची लय असते, थोडा वेळ बघत बसलं की अंदाज येतो, मग बर्स्ट, म्हणजे भराभर सलग फोटो काढायचा मोड, लावा.

काही लोक फुलपाखरं यावीत म्हणून मीठ, कुजलेला खेकडा, काय काय टाकतात. मला ते पटत नाही. तुमच्या डबक्यात मीठ टाकलंत तर त्यातल्या बेडकाच्या पिल्लांचं काय होणार याचा विचार करा, आणि तसंही धीर असेल तर त्याची गरज पडत नाही.

चतुर आणि टाचण्यांचं (चतुरांचे बारीक अंगाचे नातलग) थोडं वेगळं. चतुर एकाच काटकीवर परत परत येऊन बसतो, त्यामुळे त्याच्या मागे धावू नका, काटकीवर फोकस करून ठेवा आणि थांबा. दुपारच्या टळटळीत उन्हात काही चतुर शेपूट सरळ आभाळाकडे उभी करतात, अंगावर कमी ऊन पडावं म्हणून, तो फोटो सोपा आणि मस्त असतो.

पायरी ७: पाण्याच्या वर बघायचं की आत

डबक्याचे फोटो दोन प्रकारचे, एकात प्रतिबिंब हवं असतं आणि दुसऱ्यात नको असतं.

प्रतिबिंब हवं असेल तर वारा पडलेली वेळ, पहाट किंवा पाऊस थांबल्या थांबल्या, आणि कॅमेरा पाण्याला चिकटलेला. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर नाही, प्रतिबिंबातल्या वस्तूवर करायचा. पाण्यातलं झाड कॅमेऱ्यासाठी झाडाइतकंच लांब असतं, पाणी जवळ असलं तरी. पृष्ठभागावर फोकस गेला की काडीकचरा शार्प आणि झाड धूसर. लाल एसटी जाताना रस्त्यावरच्या डबक्यात तिचं उलटं प्रतिबिंब फार छान येतं, फक्त रस्त्याच्या कडेला झोपू नका आणि चालकाला तुम्ही दिसत असाल याची खात्री करा.

आतलं बघायचं असेल तर आकाशाची चकाकी घालवावी लागते. इथे काळी छत्री. ती डबक्याच्या पलीकडच्या बाजूला अशी धरायची की पाण्यात आकाशाऐवजी छत्रीचा काळा रंग दिसेल, आणि बघता बघता त्या तुकड्यात तळ, पिल्लं, गाळ, सगळं स्वच्छ दिसायला लागतं. छत्री धरायला कोणीतरी लागतं, घरातल्या लहान मुलांना हे काम फार आवडतं.

दुसरा उपाय पोलरायझर, म्हणजे सीपीएल फिल्टर. तो फिरवला की चकाकी जाते, पण तो कुठूनही चालत नाही. सरळ वरून वाकून बघितलंत तर उपयोग शून्य, पाण्याला चिकटून बघितलंत तरी फार कमी. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ ते ४० अंशांचा तिरपा कोन हवा. उजेड दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी होतो ते शटरमध्ये धरा. फोनला पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवली तरी चालतं. गंमत म्हणजे जी चकाकी आपण घालवतो ती चतुरांसाठी पाण्याची ओळख असते, पाण्यावरून परावर्तित होणारा तो आडवा पोलराइज्ड उजेड ते ओळखतात, आणि म्हणूनच कधीकधी चकचकीत गाडीच्या बॉनेटवर अंडी घालताना दिसतात.

पायरी ८: रात्रीचे बेडूक

रात्री एकटे जाऊ नका, कोणीतरी बरोबर हवंच. आवाजाच्या दिशेनं जा, जवळ गेलात की सगळे गप्प होतात, मग टॉर्च बंद करून उभे राहा, एक सुरू झाला की बाकीचे सुरू होतात. टॉर्च थेट डोळ्यांत मारू नका, बाजूनं तिरपी धरा, तिच्यावर पांढरा टिश्यू पेपर किंवा बटरपेपर लावला की उजेड मऊ होतो. मोजके फोटो काढा आणि बाजूला व्हा, ती त्यांची वर्षातली एकच रात्र असू शकते. पायाखाली बघून चाला, काठावर जोड्या असतात.

आंबोलीला गेलात तर तिथल्या कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालणारा आंबोली टोड आहे, २००९ मध्ये नवीन प्रजाती म्हणून त्याचं वर्णन झालं, तो जगात त्या भागाशिवाय कुठे सापडत नाही आणि अतिशय धोक्यात आहे. तिथे गाडी हळू चालवणं हे फोटोपेक्षा महत्त्वाचं, पावसातल्या रात्री रस्त्यावर बरेच चिरडले जातात. आणि फोटो टाकताना फोनचं लोकेशन बंद ठेवा.

गोव्यात किंवा दक्षिण कोकणात पहिल्या पावसात टॉर्च घेऊन डबक्याकाठी उभे असाल तर लोकांना किंवा वनखात्याला तुम्ही बेडूक पकडणारे वाटू शकता, कारण तिथे बुलफ्रॉग 'जम्पिंग चिकन' म्हणून खायला मारले जातात आणि ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार बेकायदेशीर आहे. गावात आधी कोणाला तरी सांगून ठेवा, बरं पडतं.

पायरी ९: अंगाची आणि डबक्याची काळजी

साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असू शकतं आणि त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होतो. पायाला, हाताला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका, गमबूट घाला, घरी आल्यावर साबणानं धुवा, आणि पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना आपण चिखलात लोळलो होतो हे नक्की सांगा, नाहीतर ते व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देतील.

साप. पाण्यातला दिवड बिनविषारी असतो, तो बेडूक खायला येतो, त्याला त्याचं काम करू द्या, फोटोही मिळेल. कोकणातल्या सड्यांवर फुरसं असतं, लहान, मातीच्या रंगाचं आणि चांगलंच विषारी, म्हणून पोटावर पडायच्या आधी जागा काठीनं चाचपून घ्या आणि दगडाखाली हात घालू नका. घाटात जळवा चिकटतील, त्यानं काही होत नाही, काढून टाका.

हाताला मच्छरचं क्रीम लावलं असेल तर तो हात डबक्यात घालू नका. बेडूक कातडीतून पाणी आणि त्यातलं बाकीचं सगळं आत घेतात. बेडूक उचलून छान पानावर ठेवून फोटो काढणं, बरणीत पिल्लं घेऊन घरी फोटो काढून दुसऱ्या पाण्यात सोडणं, हे करू नका, एका पाण्यातले रोग दुसऱ्या पाण्यात जातात. डबकं आटत असताना पिल्लं तळमळताना बघून वाईट वाटतं, बादलीभर पाणी ओतावंसं वाटतं, पण त्या पिल्लांवर बगळे, टिटव्या आणि धोबी पक्षी जगत असतात. मी ओतत नाही. तुम्ही ठरवा.

घरी आल्यावर

लेन्सवरचा वाळलेला चिखल कधीही पुसू नका, त्यातली वाळू काचेवर ओरखडे पाडते. आधी ब्लोअरनं उडवा, मग ओलसर फडक्यानं टिपा. कॅमेरा तांदळात घालू नका, पीठ आत जातं, सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा घ्या.

एडिटिंग कमी करा, सॅच्युरेशन तर हातच लावू नका, चिखल चिखलाच्या रंगाचा राहू द्या. फोटोखाली तारीख, वेळ, गाव आणि पाऊस होता की ऊन हे लिहून ठेवा, वर्षभरानं त्याचा इतका उपयोग होतो, कारण पुढच्या जूनमध्ये तुम्हाला नेमकं कधी पोचायचं ते कळतं. जीव ओळखता येत नसेल तर आयनॅचरलिस्टवर (जीव ओळखायला लोक मदत करतात ती वेबसाइट) टाका, फुलपाखरू असेल तर आयफाउंड बटरफ्लाइज या भारतातल्या फुलपाखरांच्या वेबसाइटवर चित्रं जुळवून बघा. पंखांची फक्त वरची बाजू दिसणाऱ्या फोटोवरून बरेचदा नक्की सांगता येत नाही, म्हणून एक फोटो वरून आणि एक मिटलेल्या पंखांचा बाजूनं, असे दोन्ही काढायची सवय आत्तापासूनच लावा.